एक वीत कमी

चिंचेची फांदी आली की टपावर बसलेल्या माणसाने ती हाताने वर उचलायची, असं ठरलं होतं. तेवढ्यासाठीच त्याला टपावर बसवलं होतं. त्याने फांदी नीट धरली. गाडी मात्र थांबली नाही... ती पुढे निघून गेली आणि माणूस फांदीला लटकत राहिला.

जमनी डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन शेतातून तांड्याकडे चालली होती. तिने हे सगळं पाहिलं. एखादी शहाणी मुलगी अशा वेळी मान वळवून निघून गेली असती. जमनीने गाठोडं खाली ठेवलं, त्यावर बसली आणि पोट धरून हसली.

“हासून काहून राह्यली?” वरून आवाज आला.

“हासू नाई तं काय करू? मोटारीतून येऊन चिंचा तोडनारा मानूस पह्यल्यांदाच पाह्यला.”

“बाजूले सरक. उडी मारतो.”

“मारा ना. मी काय झेलाले बसली का?”

त्याने उडी मारली. एका पायात चप्पल होती, दुसरी गाडीबरोबर गेली होती. केसांत चिंचेचा पाला होता, आणि तो आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. जमनीने सांगितलं नाही. तेवढ्यात पुढच्या वळणावर लाकूड मोडल्याचा मोठा आवाज झाला, आणि दोघंही तिकडे धावली.

गाडी होती डॉक्टर विमलताईंची, आणि चालवत होत्या त्याच. दिग्रसला त्यांचा दवाखाना होता, पण खेड्यातल्या बाया काही केल्या दवाखान्याची पायरी चढत नसत. तेव्हा दवाखान्यानेच बायांकडे जावं, असं ताईंनी मनावर घेतलं. लष्कराच्या लिलावातली जुनी पिकप आणली, तिचं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं, आणि मागच्या हौद्यावर खोली बांधायला नागपूरहून मिस्तरी बोलावला. तोच हा फांदीला लटकलेला नेमसिंग. ताईंची अट एकच होती. ‘पेशंट तपासताना मला सरळ उभं राहता आलं पाहिजे.’ ताई इतक्या उंच होत्या की दिग्रसच्या व्यापाऱ्यांना त्यांच्याशी मान वर करून बोलावं लागे, आणि ते त्यांना आवडत असावं. नेमसिंगने त्यांच्या मापाची खोली बांधली. एकोणीसशे त्रेसष्ट सालच्या कापूस वेचणीत ती पहिल्यांदाच बाहेर पडली आणि तांड्याच्या वाटेवर पुढच्या चिंचेत अडकून तिचा टप मोडला.

तांड्यावर सगळ्यांना पाणी दिलं गेलं. जमनीचा बाप किसनसिंग हा तांड्याचा नाईक. आजा धावजी त्याहून मोठा माणूस, कारण त्याने लहानपणी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पाहिला होता. म्हाताऱ्याने नेमसिंगला दुसरं काही विचारायच्या आधी गोत विचारलं. ओळख म्हटली की ती तिथूनच सुरू व्हायची.

“पवार,” नेमसिंग म्हणाला.

आपण राठोड, हे जमनीला जन्मापासून माहीत होतं. तरी तिला तेव्हा उगाच बरं वाटलं. एकाच गोताची मुलंमुली भाऊबहीण मानली जातात, एवढंच इथे सांगून ठेवतो.

म्हाताऱ्याने मग गोरबोलीत आणखी काही विचारलं आणि नेमसिंग अडखळला. लहानपणापासून तो नागपुरात मामाच्या कारखान्यात वाढला होता, घरची बोली तिथे गंजून गेली होती. त्याच्याशी वऱ्हाडीतच बोलावं लागे.

मोडक्या टपाकडे पाहत विमलताई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. उंच खोली रस्त्याने जात नाही, आणि ठेंगणी खोली त्यांच्या कामाची नाही. तेव्हा पाण्याची घागर उचलता उचलता जमनी म्हणाली, “पालाचा तंबू कोनी ताणून बैलावर लादते का? चालताना घडी, मुक्कामाले उभा.”

ताईंनी नेमसिंगकडे पाहिलं. नेमसिंगने ताईंकडे पाहायला हवं होतं... पण तो जमनीकडे पाहत होता.

असं ते काम नव्याने सुरू झालं. दिग्रसच्या कापसाच्या जिनामागे पत्र्याची शेड होती. तिथे नेमसिंगने टप खोलीपासून वेगळा कापला, चारी कोपऱ्यांत जाड पाइप उभे केले आणि त्यांच्या पोटात बारीक पाइप घातले. मुक्कामाला टप वर उचलायचा, खिट्ट्या घालायच्या, वाटेत खाली बसवायचा. टप आणि खोली यांच्यामधली जागा जाड कॅनव्हासने बंद करायची. तो शिवायचा कोणी? बाजारातले शिंपी कापसाच्या हंगामात ताडपत्र्यांतून मान वर काढत नव्हते. जमनीची आई सुखीबाई बैलांच्या गोण्या शिवण्यात नावाजलेली, पण तिची नजर आता मंद झाली होती. म्हणून दाभण घेऊन जमनी यायला लागली. सोबतीला धावजी असे. तो आला की रिकाम्या पोत्यांवर पडायचा आणि घोरायचा.

जमनीच्या ओढणीला बारीक आरसे होते. ती शेडच्या दारात आली की उन्हाचे ठिपके आत पत्र्यावर नाचायला लागत. नेमसिंग गाडीखाली पाठीवर पडलेला असला तरी त्याला ते दिसत. मग हातातला पाना उगाच एकाच नटावर फिरत राही.

पहिल्याच दिवशी दोघांचं वाजलं. तो लोखंडी टेपने मोजणारा, ती हाताने.

“तुहं माप कोन्या कामाचं?” तो म्हणाला. “ज्याची त्याची वीत अलग. कोनाची मोठी, कोनाची लहान.”

“शिवनारी मी, तं वीतबी माहीच.”

त्या दिवशी आभाळ आलं होतं. हिवाळ्यातला तो अवेळी पाऊस... जिनाच्या अंगणात कापूस झाकायची धांदल उडाली आणि शेडच्या पत्र्यावर बारीक थेंब वाजू लागले. नेमसिंगने टेप काढला.

“हात ठेव इथं. एकदा पाहून घेऊ तुही वीत कितीची हाये ते.”

तिने फळीवर पंजा ताणून ठेवला. त्याने तिच्या अंगठ्यापाशी टेपचं टोक धरलं आणि करंगळीपर्यंत नेलं. तिच्या बोटांना मेणाचा आणि ओल्या कॅनव्हासचा वास होता. टेप तिच्या हाताला लागला, त्याचं बोट लागलं नाही. लागू नये म्हणून त्याने फार जपलं, आणि ते तिला कळलं.

“आठ इंच,” तो म्हणाला.

“बस? मोजाले इतला वेळ?”

“लोखंडी टेप हाये. नीट धरा लागते...”

धावजी घोरायचा थांबला होता. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

दिवस पुढे सरकले. खोलीत पलंग बसला, औषधांचं कपाट बसलं, दिव्याची तार गेली. बाहेरून पाहणाऱ्याला काम झपाट्याने होत होतं. आत मात्र दोन माणसांना ते संपायला नको होतं, आणि दोघंही ते एकमेकांना सांगत नव्हती. गाडी झाली की नेमसिंग नागपूरला जाणार होता. तिथे मामाकडे एका ट्रकची बॉडी त्याची वाट पाहत होती. आणि गाडी झाली की...

“गाडी झाली का केळापूरकडचे लोक येनार हायेत,” एक दिवस जमनी दाभणाकडे पाहत म्हणाली.

“कायले?”

“गूळ खायाले. अजून कायले येतेत?”

सगाई ठरली की गूळ वाटायचा, हे नेमसिंगलाही माहीत होतं. तेवढं तो विसरला नव्हता. तो खिळा ठोकत होता, खिळा वाकला.

“चांगलं हाये,” तो म्हणाला.

“चांगलंच हाये,” ती म्हणाली.

मला अशा माणसांचा राग येतो. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते बोलायला अख्खी शेड रिकामी होती. पण नेमसिंगच्या मनात असं की, आपण हत्यारांच्या पेटीवर झोपणारा मिस्तरी, नाईकाची लेक कशाच्या जोरावर मागायची? जमनीच्या मनात असं की, मुलगी होऊन आपण आधी बोललो तर तांड्यात बापाला मान खाली घालावी लागेल. दोघांना एकमेकांवाचून करमत नव्हतं, हे जिनातल्या हमालांनाही कळलं होतं.

शेवटी जमनीने एक गोष्ट केली. नेमसिंग डिझेल आणायला गेला असताना तिने शिवून झालेला कॅनव्हास पसरला, खालच्या अंगाने एक वीत मोजली आणि कापून काढली. परत शिवून कड पक्की केली. आता टप वर गेला की कॅनव्हास पुरणार नाही. सगळ्यांसमोर उणा पडेल. विमलताई बोलतील, बाप चिडेल, पण तुकडा जोडायला तरी यावं लागेल. तेवढेच दिवस हातचे. त्या दिवसांत तो काही बोलला तर बोलला... त्याच्या तोंडचं वाक्यही टेपने मोजून काढावं लागेल की काय, असं तिला वाटून गेलं.

गाडी दाखवायच्या दिवशी शेडसमोर बरीच मंडळी जमली. विमलताई होत्या, किसनसिंग फेटा बांधून आला होता, जिनातली माणसं काम टाकून आली होती. धावजी आपल्या पोत्यांवर होता. केळापूरकडची मंडळी परवा येणार होती, आणि किसनसिंग बाजारातून गुळाची ढेप घेऊनच आला होता. ती जमनीच्या समोरच ठेवलेली होती.

नेमसिंगने जमनीकडे न पाहता एकेक कोपरा उचलला. टप वर गेला. खिट्ट्या बसल्या. जमनीने डोळे मिटून घेतले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिने डोळे उघडले. कॅनव्हास चारी बाजूंनी खालपर्यंत पोचला होता. कुठे उणा नाही, कुठे झोळ नाही, नव्या नवारीच्या खाटेसारखा ताठ. जमनीला काही कळेना. तिने स्वतःच्या हाताने कापला होता. तिने नेमसिंगकडे पाहिलं, तर तो तिच्याहून जास्त घाबरलेला दिसत होता. काम इतकं सुरेख उतरलेलं पाहून एवढा उतरलेला चेहरा कुण्या मिस्तरीचा झाला नसेल.

विमलताई खुशीत आत चढल्या आणि उभ्या राहिल्या. आतून ठण्णकन आवाज आला.

ताई डोकं चोळत बाहेर आल्या. “नेमसिंग, मापं तू घेतली होतीस. मी वाढले, की गाडी कमी झाली?”

नेमसिंगने पाइपांकडे पाहिलं.

“पाइप कापलेस?”

“हो, बाई.”

“का?”

“टप खाली राह्यला का कॅनव्हास लोंबते. मंग तो उसवा लागते... परत शिवा लागते.” त्याने खिशातला टेप चाचपला. “शिवनाऱ्याले परत यावं लागते.”

“किती कापलेस?”

“एक वीत,” नेमसिंग म्हणाला.

जिनातली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. सुताभराच्या फरकावरून भांडणारा हा माणूस, खिशात टेप असताना वीत सांगतो?

किसनसिंग पुढे आला. त्याने हलक्या आवाजात विचारलं, “कोनाची वीत?”

उत्तर पोत्यांवरून आलं.

“आपल्या जमनीची,” धावजी म्हणाला. “माह्या डोया देखत मोजली त्यानं. मी काय झोपाले येत होतो का इथं?”

आता गप्प राहिलं तर सगळं नेमसिंगच्या एकट्याच्या डोक्यावर येणार होतं. जमनीने ओढणी सावरली. बापाकडे पाहायचं धैर्य झालं नाही, म्हणून ती गाडीकडे पाहून बोलली.

“त्याचं एकट्याचं नाई, बा. कॅनव्हासबी एक वीत कमी हाये. तो म्या कापला.” आणि मग, इतके दिवस अडलेलं वाक्य तिच्या तोंडून आलं. “मले केळापूरले नाई जायचं.”

नेमसिंगने पहिल्यांदाच सगळ्यांसमोर तिच्याकडे सरळ पाहिलं. “अन् मले नागपूरले,” तो म्हणाला.

किसनसिंगने गाडीभोवती एक फेरी मारली. ताठ कॅनव्हासवरून हात फिरवला, पाइप पाहिले. तो नाईक होता, तांड्याचे तंटे सोडवण्यात त्याचे केस पिकले होते. पण एकमेकांना न विचारता एकाच मापाने केलेली चोरी त्याच्यापुढे कधी आली नव्हती. केळापूरच्या लोकांना काय तोंड दाखवायचं, असं तो शेवटी बापाला म्हणाला.

“त्यांचा गूळ कुठं खाल्ला आपुन अजून?” धावजी म्हणाला. “ढेप तं तशीच हाये.”

विमलताईंनी डोक्यावरचा हात काढला आणि सांगितलं, गुळाचं जे ठरवायचं ते ठरवा, पण मला माझी उंची परत हवी आहे. नेमसिंगने यवतमाळहून नवे पाइप आणले. कापलेला कॅनव्हास काही वाढणार नव्हता आणि त्या रंगाचं कापड बाजारात उरलं नव्हतं. जमनीने आपल्या लाल घागऱ्याचा घेर उसवला आणि आरशांसकट त्याची पट्टी खालून जोडली. त्या दोघांच्या सगाईचा गूळ वाटला गेला तेव्हा ती पट्टी शिवणं चालूच होतं.

पुढे ती गाडी दारव्हा, दिग्रस, थेट मारेगावपर्यंत फिरली. नेमसिंग चालवायचा, जमनी बायांना हाताला धरून आत न्यायची, विमलताई आत सरळ उभ्या राहायच्या. गावात पोचलं की टप वर जाई आणि लाल पट्टीतले आरसे चमकत. बायांना दवाखान्याची भीती वाटे, पण आरशांची वाटत नसे. पट्टी किती रुंद आहे, असं एखादा चौकस माणूस नेमसिंगला विचारी. टेप खिशात असूनही त्याने कधी इंच सांगितले नाहीत.

“जमनीची एक वीत,” तो म्हणे.