ह्यांना रात्रभर भिजत घाला

“मीठ कमी वाटलं, तर ह्यांना रात्रभर भिजत घाला. सकाळी उकळून गाळून घ्या,” ढब्बूनं गंभीर आवाजात वाचलं.

ऋजुता हसून हसून जमिनीवर लोळली. “आबा, आज्जी तुम्हाला गाळून घ्यायला सांगतेय!”

सतीशआबांना हसू आलं नाही. शैलाआज्जी जाऊन वर्ष होत आलं होतं. तिनं २००१ साली इंटरनेटवर एक पान लिहिलं होतं. डावीकडे कैरीचं लोणचं, उजवीकडे केसांची शिकेकाई. आता २०५२ साल. आबांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून स्वयंपाकघरातला यंत्रमानव ढब्बू ते वाचून दाखवत होता. तिचे शब्द ऐकायचे म्हणून आबा सकाळपासून खुर्चीच्या टोकावर बसले होते, आणि कानावर आला तो हा काला.

“पान बिघडलं,” ते म्हणाले. “तिचं लिहिलेलं तेवढंच होतं माझ्याजवळ.”

“मी आहे तसंच वाचलं,” ढब्बू म्हणाला. “डावा खण, उजवा खण. मग खालची ओळ. पुन्हा डावा खण, उजवा खण.”

ऋजुता उठून बसली. “खण? आबा, हे पान बांधलं कुणी?”

“मीच. तेव्हा आम्ही तक्ता करायचो (उभ्या-आडव्या ओळींतले खण). दोन गोष्टी शेजारी दाखवायला मला दुसरं काही येत नव्हतं. ओळी समोरासमोर याव्यात म्हणून तिची वाक्यंही तोडली मी. रागावली होती.”

“म्हणजे शब्द शाबूत आहेत!”

ऋजुतानं मांडणीवरून दोन ताटं काढली. एक खणांचं, एक साधं.

“खणांच्या ताटात पापड मावला नाही, तर मोडून घालावा लागतो. तुम्ही आज्जीचं वाक्य तसंच मोडलंत. साध्या ताटाला खण नाहीत. तरी तुम्ही चटणी डावीकडेच वाढता. का?”

“वाढायची रीतच आहे तशी.”

“ती रीत म्हणजे सीएसएस (पान कसं दिसावं याचे वेगळे लिहिलेले नियम). शब्द सलग लिहायचे. आधी अख्खं लोणचं, मग अख्खी शिकेकाई. नियम दुसऱ्या फाइलमध्ये. पडदा रुंद असला, तर दोन्ही शेजारी मांड. माझ्या घड्याळाएवढा असला, तर एकाखाली एक. ढब्बूला मांडणीशी काही देणंघेणं नाही, तो क्रमानं वाचेल.”

“मग तक्ता वाईटच म्हणायचा?”

“छे! शाळेचं वेळापत्रक तक्त्यातच हवं. तिथे वार आणि तास यांचं खरंच नातं असतं. लोणच्याचं आणि शिकेकाईचं काय नातं?”

“एकाच बाईनं केली, एवढंच.” आबा पुढे वाकले. “तिचा एखादा शब्द बदलावा लागेल का गं?”

“एकही नाही.”

आबांनी खुर्चीला पाठ टेकली.

तासभर दोघांचं काम चाललं. ऋजुता खण काढत गेली. कोणतं अर्धं वाक्य कुठे जोडायचं, ते आबा सांगत गेले. मधेमधे सूचना करणाऱ्या ढब्बूला गप्प बसवण्यात आलं. शेवटी तिनं नियमांच्या चार ओळी लिहिल्या. मोठ्या पडद्यावर पान पहिल्यासारखंच दिसलं, दोन्ही कृती शेजारी शेजारी. घड्याळावर त्या एकाखाली एक नीट बसल्या.

“वाच रे आता, ढब्बू.”

ढब्बूनं लोणचं पहिल्यापासून वाचलं. कैऱ्या पुसा, फोडी करा, मोहरी फेसा. मग शेवटी, “मीठ कमी वाटलं, तर ह्यांना विचारू नका. ह्यांना माझ्या हातचं सगळंच गोड लागतं.”

आबा मोठ्यानं हसले. हसता हसता त्यांनी बाहीनं डोळे पुसले. “मी तिचं बोलणं अर्ध्यावर तोडलं होतं, बघ. पन्नास वर्षं!”

“उद्या कसलेही पडदे येऊ देत, आबा. भिंतीवरचे, नाहीतर चंद्रावरचे. आपण नियम नवे लिहू. आज्जी तीच राहील.”

आबांनी कैऱ्यांची टोपली पुढे ओढली आणि अडकित्ता हातात घेतला.

“चल, फोडी करू. मीठ मात्र तू चाख. मला विचारू नकोस.”