ओला दोर

त्यांची ओळख चिखलाच्या पावलाने झाली. धक्क्यावर तो आपल्या होडीचं शीड पसरून ठिगळ लावत बसला होता, आणि ती हातातल्या कागदांत डोकं खुपसून थेट शिडावरून चालत गेली. पांढऱ्या कापडावर उमटलेला बूट बघून ती जागच्या जागी थिजली.

"आता वर आलाच आहात तर बसा," सुई न थांबवता तो म्हणाला. "कुठं जायचंय?"

ती समुद्राची खोली मोजून नकाशे करणारी. खडकांआड एक खाडी होती. तिथे पाणी पुरेसं खोल निघालं, तर वादळात बोटींना आसरा मिळणार होता. पण तिच्या कार्यालयाची मोठी बोट त्या अरुंद तोंडातून आत जात नव्हती. छोटी शिडाची होडीच हवी होती.

आठ दिवस ठरले. ती दोराला बांधलेलं शिशाचं वजन पाण्यात सोडायची आणि दर मीटरला बांधलेल्या लाल चिंध्या मोजायची. वजनाच्या तळाला मेण लावलेलं असे. त्याला चिकटून कधी वाळू वर यायची, कधी गाळ, कधी नखाएवढा गुलाबी शिंपला. दुपारी तो तिला एखादी नवी जागा दाखवायचा. खडकातून झिरपणारं गोडं पाणी तिने ओंजळीने प्यायलं, आणि तो उगाचच दुसरीकडे बघत राहिला...

"आईनं विचारलंय," डबा पुढे करत तो म्हणाला, "मोजणीबाई जेवतात, की नुसतं मोजतात?"

"सांगा, जेवतात. दुसऱ्याच्या डब्यातलंसुद्धा." मग तिची नजर वर गेली. "अहो, शिडावरचा माझा बूट अजून तसाच? धुतला का नाहीत?"

"राहू दे. वारा ओळखीचा झालाय त्याच्या."

आठव्या दिवशी खाडीच्या तोंडाशी शेवटचं माप होतं. "दहा," ती म्हणाली.

त्याच्या कपाळावर आठी पडली. त्याने आपला वापरून मुरलेला दोर काढला आणि तिथेच सोडला. साडेनऊ.

तिने टेप लावून स्वतःचा दोर मोजला. प्रत्येक मीटर पाच सेंटिमीटरने कमी भरला. कोऱ्या, कोरड्या दोरावर तिने खुणा बांधल्या होत्या. नवा दोर भिजला की आकसतो. वहीतलं सगळं पाणी खऱ्यापेक्षा खोल लिहिलं गेलं होतं, आणि नकाशा उद्याच द्यायचा होता.

"सगळं वाया," ती पुटपुटली. "परत आठ दिवस..."

तो काही बोलणार होता, थांबला. बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खुणा बांधल्यावर दोर कधी वाळू दिलात?"

"नाही. पहिल्या दिवसाच्या आधीच भिजत घातला होता, मऊ व्हायला. नंतरही बादलीतच."

"म्हणजे रोज सारखाच आकसलेला. मीटरमागे पाच सेंटिमीटर वजा करा. झालं काम."

परतताना दोन जुन्या जागी त्यांनी त्याच्या दोराने ताडून पाहिलं. बरोबर आलं. तिचा जीव भांड्यात पडला, पेन्सिल भराभर चालू लागली... आणि मध्येच थबकली.

"तुम्ही गप्प बसला असतात, तर मी आणखी आठ दिवस आले असते."

"मनात आलं होतं."

"मग?"

"उद्या कुणीतरी तुमच्या नकाशावर भरवसा ठेवून आत शिरेल. त्याचीही घरी कुणी वाट बघत असेल." तो सुकाणूशी चाळा करू लागला. "आणि तुमचा रडवेला चेहरा बघत आठ दिवस... छे, नसतं जमलं."

तिने वहीचं नवं, कोरं पान उघडलं.

"पलीकडचा किनारा अजून कुणी मोजला नाही," ती हळूच म्हणाली. "तो मी मागून घेणार आहे. होडी लागेल."

"नुसती होडी?"

"होडीवाला पण."

"किती दिवसांसाठी?"

तिने वही मिटली. "ते मात्र मी मोजणार नाही."

पलीकडच्या किनाऱ्यासाठी नवा दोर आला, तेव्हा दोघांनी मिळून तो आधी भिजवला. खुणा मग बांधल्या.