लाल काठाची हिरवी चादर

"'जमाव पांगवण्यासाठी पोलिसांनी सौम्य बळाचा वापर केला!' सांगा, सरळ भाषेत!" भोपू वर्तमानपत्र नाचवत ओरडला.

"बदडलं!" टाचणी म्हणाली.

"एक गुण! 'दोन गटांत किरकोळ बाचाबाची, तिघे रुग्णालयात.'"

"किरकोळ, आणि तिघे रुग्णालयात?" शंकासुराने भुवया उंचावल्या. "डोकी फुटली!"

"बरोबर! 'तपास योग्य दिशेने सुरू आहे.'"

"काहीही सापडलेलं नाही!" दोघं एकदम ओरडले आणि एका गुणासाठी भांडू लागले.

सुट्टी लागून चारच दिवस झाले होते आणि जिन्याच्या पायऱ्यांवर हा खेळ रोज रंगत होता. भोपू शेजारचा, तो कानात बोलला तरी तिसऱ्या गल्लीत ऐकू जाई. शंकासुर हा टाचणीचा मावसभाऊ, सुट्टीसाठी आलेला. सूर्य उगवला म्हटलं तरी 'कशावरून?' असं विचारणाऱ्यांपैकी तो. टाचणी बारा वर्षांची, अंगाने बारीक, पण टोचायला एकदम पक्की. खेळ तिनेच काढला होता.

"'सदर व्यक्ती पोलिसांना सहकार्य करीत आहे,'" भोपूने वाचलं आणि जीभ चावली.

या वाक्याला कुणीच गुण मागितला नाही. चार महिन्यांपूर्वी हेच वाक्य टाचणीच्या बाबांबद्दल छापून आलं होतं.

बाबा विज्ञान केंद्राचे रखवालदार होते. केंद्रात एक जुनी पितळी दुर्बीण होती. शनिवारी संध्याकाळी ती गच्चीवर आणली की लोक रांग लावायचे. पण रांग सुरू होण्याआधी बाबा टाचणीला हळूच वर बोलवायचे आणि म्हणायचे, "पहिला चंद्र तुझा!"

एका मंगळवारी सकाळी दुर्बिणीची खोली उघडली, तर आत दुर्बीणच नाही! रात्रपाळी बाबांची होती. पोलिसांनी त्यांना दोन दिवस ठाण्यात डांबलं. वर्तमानपत्राने त्याला 'सहकार्य' म्हटलं. पुरावा मिळाला नाही म्हणून सोडलं, पण ते काही कुणी छापलं नाही. केंद्राने त्यांना 'तूर्तास विश्रांती' दिली, म्हणजे कामावरून काढलं. शेजारची माणसं त्यांना पाहून दाराला कडी लावू लागली. शेवटी बाबा दूरच्या गावी एका शीतगृहात कामाला गेले.

दर रविवारी फोन यायचा. "कधी येणार, बाबा?" असं टाचणीने विचारलं की ते विषय बदलायचे. एकदाच म्हणाले होते, "ज्या कागदाने नाव घालवलं, त्याने ते परत दिलं की येईन गं."

टाचणीला सुट्टी नको होती, खेळ नको होता, तिला बाबा हवे होते. संध्याकाळी जिन्यात चप्पल वाजली की ती अजून दाराकडे बघायची. चप्पल दुसऱ्याच कुणाची तरी निघायची.

"ती बातमी बघू," शंकासुर म्हणाला. टाचणीने कंपासपेटीतून कात्रण काढून दिलं. घडीवर ते पार विरलं होतं. त्याने ते वाचलं आणि सवयीप्रमाणे उलटलं.

"मागे काही नाही रे. दुसरीच बातमी आहे."

"कशावरून?" असं म्हणत तो वाचू लागला. "'बसस्थानकावर सोमवारी सायंकाळी संशयास्पद वस्तू आढळल्याने खळबळ उडाली. लाल काठाच्या हिरव्या चादरीत गुंडाळलेली, साडेचार फूट लांबीची सदर धातूची वस्तू धोकादायक नसल्याचे खास पथकाच्या पाहणीत निष्पन्न झाले. पोलिसांच्या सतर्कतेमुळे अनर्थ टळला.'"

"धोकादायक नव्हती, तर अनर्थ कसला टळला?" भोपू म्हणाला.

"आणि वस्तू होती तरी काय? एवढं लांबलचक लिहिलंय, पण तेवढंच नाही लिहिलेलं!" शंकासुर म्हणाला.

टाचणी ताडकन उठली. "ती चादर बाबांची आहे! आईने तिला लाल काठ शिवला होता. रखवालदाराच्या खोलीतून ती सोमवारीच गेली. बाबा ठाण्यात सांगत होते, तर साहेब म्हणाले, दुर्बीण सोडून चादरीचं काय घेऊन बसलास!"

तिने कात्रण हातात घेतलं. चार महिने ती एकच बाजू वाचत आली होती. तिला रडू आलं आणि ते तिने लपवलंही नाही.

"चला ठाण्यात! सांगू या, दुर्बीण तुमच्याचकडे आहे!" भोपू गरजला.

"ते म्हणतील, 'योग्य ती दखल घेऊ.' म्हणजे काय?" शंकासुराने विचारलं.

"हाकलून देऊ," भोपू पडेल आवाजात म्हणाला.

टाचणीने डोळे पुसले. "दुर्बीण मागायचीच नाही. चादर मागायची!"

ठाण्यात सापडलेल्या वस्तूंची खोली सांभाळणारे हवालदार कागदांवर शिक्के मारत बसले होते.

"चादर हरवली? कधी?"

"चार महिने झाले, काका," टाचणी म्हणाली.

"आणि आज जाग आली?"

"आई रोज ओरडते हो काका!" भोपू इतक्या मोठ्याने कळवळला की शिक्का भलत्याच जागी बसला.

"हळू रे बाबा! कशी आहे चादर?"

"हिरवी, लाल काठाची. एका कोपऱ्यात लाल दोऱ्याची चांदणी आहे."

"आहे, आहे! धूळ खात पडलीय. न्या एकदाची, तेवढीच जागा होईल!" हवालदारांनी मागची खोली उघडली आणि कोपऱ्यातल्या उंच गाठोड्यावरची चादर ओढली.

खाली तीन पाय होते आणि वर लांब पितळी नळी.

"काका, हे काय आहे?" शंकासुराने अगदी साळसूदपणे विचारलं.

"ही? ही संशयास्पद वस्तू."

"हो, पण दिसते कशासारखी?"

"दुर्बिणीसा…" हवालदार म्हणाले आणि त्यांचा आ वासलेलाच राहिला.

मग भोपूने आयुष्यातली सर्वांत मोठी आरोळी ठोकली. "दुर्बीण सापडलीऽऽ!"

साहेब धावत आले. रोजची बातमी घ्यायला आलेली वार्ताहर ताईही आली.

"हं… तपास योग्य दिशेने सुरूच होता," साहेब घसा खाकरत म्हणाले.

"कुठल्या दिशेने, साहेब? खोली तर तुमच्या पाठीमागे आहे!" शंकासुर म्हणाला.

साहेबांचा चेहरा उतरला. दुर्बिणीसाठी अख्खं बसस्थानक रिकामं केलं म्हटलं तर लोक हसतील, म्हणून पथकाने नुसतं 'वस्तू' लिहिलं होतं. चोरीचा तपास दुसऱ्या टेबलावर होता आणि त्या टेबलाने हे टेबल कधी पाहिलंच नव्हतं.

दुर्बीण ओळखायला केंद्राच्या भांडारपालाला बोलावलं, तर तो दारातच रडू लागला. भिंगं साफ करून आणायला त्यानेच सोमवारी दुपारी दुर्बीण नेली होती. हाताला लागली ती चादर गुंडाळली, गाठोडं बसस्थानकाच्या बाकावर ठेवलं आणि चहाला गेला. परत येतो तर भोवती पोलीसच पोलीस! तो घाबरून पळाला आणि गप्प बसला.

ताई भराभर लिहू लागली. टाचणीने वाकून वाचलं. 'गहाळ दुर्बीण अथक परिश्रमांनी हस्तगत. रखवालदाराविषयीचा संभ्रम दूर.'

"ताई, संभ्रम कुणाला होता? बाबांना तर नव्हता!"

"बातमीची भाषा अशीच असते, बाळा."

"त्या भाषेमुळे माझे बाबा घरी येत नाहीत!"

ताईचं पेन थांबलं. तिने विचारलं, "मग काय लिहू?"

"'त्यांनी चोरी केली नव्हती.' आणि त्यांना डांबून ठेवलं होतं, असं लिहा. सहकार्य नका लिहू."

ताईने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "लिहा. चूक माझी होती, हेही लिहा."

तिसऱ्या दिवशी विज्ञान केंद्रात सत्कार झाला. संचालकांनी बाबांना सन्मानाने कामावर परत बोलावल्याचं जाहीर केलं. मुख्याध्यापकांनी तिघांची पाठ थोपटली. "डोळे उघडे ठेवून कसं वाचावं, ते या मुलांकडून शिका!" साहेब म्हणाले. भोपूने माइक नसतानाही आभार मानले. टाचणीचं मात्र लक्ष घड्याळाकडे होतं. टाळ्या थांबायच्या आत ती बसस्थानकावर पोचली आणि चादर मांडीवर घेऊन बाकावर बसली.

पहिल्या बसमधून बाबा उतरले नाहीत. दुसरीतूनही नाही. येतो, असं त्यांनी फोनवर कुठे म्हटलं होतं? नुसतं "वाचलं" म्हणून त्यांनी फोन ठेवला होता.

तिसऱ्या बसमधून ते उतरले. वाळले होते. खिशात घडी केलेलं वर्तमानपत्र होतं.

"शीतगृहात सगळ्यांना वाचून दाखवलं," ते म्हणाले. "मग बसमध्ये शेजारच्यालाही." त्यांनी चादर हातात घेतली, तिचा कोपरा शोधला आणि त्या चांदणीवरून अंगठा फिरवत राहिले.

"शनिवारी खूप मोठी रांग असेल हं, बाबा."

"असू दे गं. पहिला चंद्र तुझा."

"नाही," टाचणी त्यांना बिलगून म्हणाली, "या शनिवारचा तुमचा."