आधी मोठ्यांनी

माझं काम काटे तपासण्याचं. होनोलुलूतल्या मासळीवाल्यांचे, किराणा दुकानांचे, विमानतळावर बॅगा ठेवतात ते वजनकाटे बरोबर आहेत की नाहीत, हे मी सरकारतर्फे बघते. सव्वीस वर्षं झाली. त्यामुळे आप्पांचं वजन एकशे बेचाळीस पौंडांवरून एकशे अठरावर आलं, तेव्हा मी आधी काटा तपासला. काटा बरोबर होता.

आई जूनमध्ये गेली आणि तेव्हापासून आप्पांचं जेवण सुटलं. हट्ट नाही, रडणं नाही. ताटाकडे बघायचे आणि म्हणायचे, "नंतर." तीन महिने मी हे 'नंतर' ऐकलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की एकशे दहाच्या खाली गेले तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. आप्पांनीही स्पष्ट सांगितलं होतं की ज्या इमारतीत आई गेली तिथे ते पुन्हा पाय ठेवणार नाहीत. या दोघांच्या मध्ये मी. कधीकधी वाटायचं, भाताची वाटी भिंतीवर फेकून मारावी.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी टीव्ही बघता बघता ते एकदम म्हणाले, "मीट जन."

"काय आप्पा?"

"मीट जन खावंसं वाटतंय."

आई करायची ते. गोमांसाचे पातळ काप अंड्यात बुडवून तळलेले. माझ्या हातून ते कढईतच फाटतं. मी गाडीची किल्ली घेतली आणि आप्पांना घेऊन केवालो बंदरावर गेले. तिथल्याच टूनाच्या बोटींवर त्यांनी तीस वर्षं काढली होती.

धक्क्याला लागून 'काई सिकदांग' हे कोरियन खानावळीसारखं हॉटेल आहे. पत्र्याचं छप्पर, दहा-बारा टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या. खिडकीत नाव सांगायचं, ताट टेबलावर येतं. भाताचे दोन गोळे, मॅकरोनीचं सॅलड, त्याच्या शेजारी किमची, म्हणजे आंबवलेला तिखट कोबी, आणि सुपाची वाटी. ऑफिसातल्या लोकांबरोबर मी दोनदा तिथे जेवले होते. किमची जरा गोडच असते, याखेरीज तक्रार नव्हती.

पावणेबारा वाजले होते. कोना वारा सुटला होता, दक्षिणेकडचा, चिकट. डिझेलचा आणि भाजलेल्या बरगड्यांचा वास एकमेकांत मिसळला होता. गाड्या लावायला जागा नव्हती, पण खिडकीसमोर रांगही नव्हती. सगळी टेबलं भरलेली होती आणि कोणी बोलत नव्हतं.

खिडकीत मालकीणबाई होत्या. ओक्जा आंटी म्हणतात त्यांना. सत्तरीच्या, केस काळे रंगवलेले. माझ्याकडे न बघता त्या आप्पांना न्याहाळत होत्या.

"यांचं वय किती?"

"चौऱ्याऐंशी."

त्यांचा चेहरा पडला. मागे वळून त्या टेबलांकडे बघत म्हणाल्या, "चौऱ्याऐंशीच."

कोणीतरी जिभेने चक् केलं. माझं डोकं फिरलं. "माझ्या वडिलांचं वय म्हणजे काय मासळीचा भाव आहे? दोन मीट जन द्या. नाव डोरीन."

"बस तिकडे," ओक्जा आंटी म्हणाल्या. "मधल्या टेबलावर."

ताटं वाढणारी लेइमोमी कानामागे फूल खोचलेली धिप्पाड बाई होती. गेल्या वेळी तिने मला खळखळून हसत वाढलं होतं. आज तिने ताटं अशी आपटली की भाताचा गोळा घसरला. "हळू बोल," ती म्हणाली. मी तर बोलतही नव्हते.

आप्पांनी चमचा उचलला नाही. मी त्यांच्यासाठी थांबले, कारण आम्हा कोरियन लोकांत मोठ्यांनी चमचा उचलल्याशिवाय लहान जेवत नाहीत. असल्या हॉटेलात हे कोणी पाळत नाही. ओल्या चड्डीतली पोरं येतात आणि उभ्या उभ्या खाऊन जातात. म्हणूनच आजूबाजूला बघून मला चमत्कारिक वाटलं. कोणीच जेवत नव्हतं. शेजारच्या टेबलावर गणवेशातला एक बस ड्रायव्हर होता. त्याच्या पुढ्यातल्या कच्च्या टूनाच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. पलीकडे बरगड्यांवरची चरबी गोठून पांढरी झाली होती. किती वेळ बसले होते हे लोक? आणि सगळे आमच्याकडे बघत होते. आपण कोणाच्या तरी मयताला चुकून हसलो की जसं बघतात, तसं.

"आप्पा, सुरू करा ना. तुमच्यासाठीच आलोय."

"मी कसा करू?" आप्पा कुजबुजले. "माझ्याहून मोठे बसलेत."

त्यांची नजर गेली तिकडे मी बघितलं. समुद्राकडच्या कठड्याला लागून एक टेबल होतं. त्यावर भाताची वाटी, समुद्री शेवाळाचं सूप, एक चमचा. खुर्ची बाहेर ओढलेली. खुर्चीत कोणी नव्हतं.

"कोणी नाहीये तिथे, आप्पा."

मी त्या टेबलाकडे बघत राहिले. आमच्या सुपावर साय धरली होती, त्या सुपातून मात्र वाफ निघत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी तेवढीच. आणि ती खुर्ची. प्लास्टिकच्या खुर्चीवर जाड माणूस बसला की तिचे पाय बाहेर फाकतात. त्या खुर्चीचे पाय फाकलेले होते. वजनाचा अंदाज घ्यायची मला सवयच लागली आहे. अडीचशे पौंड तरी.

मी स्वतःला सांगितलं, उन्हाने वाकली असेल.

"आंटी," मी खिडकीकडे बघून म्हणाले, "तिथे कोण बसणार आहे?"

"बसलेत," ओक्जा आंटी म्हणाल्या.

"ते जेवत का नाहीत मग?"

"त्यांची मर्जी."

"आणि तोवर हे सगळे असेच बसणार?"

"तुला घाई असेल तर तू खा की," बस ड्रायव्हर म्हणाला. त्याचा आवाज घोगरा होता, ओठ सुकलेले होते. "खाऊन बघ. मग कळेल."

आप्पा उठायला लागले. "चल, डोरी. नको मला." त्यांचं मनगट टेबलावर टेकलं होतं, नुसतं हाड. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी काही मागितलं होतं, ते समोर वाढलेलं होतं, आणि एका रिकाम्या खुर्चीपायी आम्ही उठून जाणार होतो. मला सगळ्यांचाच राग आला. वाटलं, आप्पांच्या डोक्यात बसलंय ना की कोणी मोठं माणूस आहे, मग असू दे. आपल्या पद्धतीने त्यांनाच बोलावू.

मी त्या टेबलापाशी गेले. कमरेतून वाकले. भाताची वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि मोठ्याने म्हणाले, "आजोबा, एकटे कशाला बसलात? आमच्यात या. घर आपलंच समजा."

वाटी जड होती. भाताची एक वाटी एवढी जड नसते.

ती मी आमच्या टेबलावर आणून ठेवली, तिसऱ्या खुर्चीसमोर. क्षणभर काहीच झालं नाही. मग माझ्या पाठीमागे एक चमचा वाजला. मग दुसरा. बघता बघता सगळं हॉटेल जेवायला लागलं. जेवायला कसलं, तुटून पडलं. बस ड्रायव्हरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हातानेच मासा तोंडात कोंबत होता. आता माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. अगदी ठरवून बघत नव्हतं.

आप्पांनी चमचा उचलला. मीट जनचा तुकडा खाल्ला. अजून एक खाल्ला. सगळं ताट संपवलं, मॅकरोनीसकट. माझ्या जिवात जीव आला. मी तिथेच रडले, कोणाची लाज न बाळगता. लेइमोमी कठड्याजवळचं ते टेबल उचलून आत घेऊन गेली. त्या टेबलाची खुर्ची आता सरळ झाली होती. आमच्या तिसऱ्या खुर्चीकडे मी बघितलं नाही. का नाही बघितलं, हे मी स्वतःला बरेच दिवस विचारलं नाही.

त्यानंतर आप्पा घरी तिन्ही वेळा जेवायला लागले. भात, अंडी, मासा, जे वाढेन ते. चमचा उचलण्याआधी थोडं थांबायचे, टेबलाच्या टोकाकडे बघायचे, मग सुरू करायचे. मी समोर बसून बघायचे. त्यांच्या हनुवटीवर ओघळलेला रस मी माझ्या हाताने पुसला आहे.

पहिल्या रविवारी वजन एकशे सोळा. मी म्हटलं, सुरुवात आहे.

दुसऱ्या रविवारी एकशे अकरा.

मी ऑफिसातून पन्नास पन्नास पौंडांची दोन लोखंडी प्रमाण वजनं आणली आणि काट्यावर ठेवली. काटा शंभर म्हणाला. एका अंशाचीही चूक नव्हती.

मी बंदरावर गेले. 'काई सिकदांग'समोरची रांग गाड्यांपर्यंत आली होती. रेडिओवर गाणी लागली होती, लोक खिदळत होते. लेइमोमीला मी दिसले आणि तिचं हसू गेलं. एकेक टेबल गप्प झालं. बस ड्रायव्हर उठून माझ्या वाटेत उभा राहिला.

"इथे नको," तो म्हणाला.

"मला फक्त आंटींना विचारायचंय."

खिडकीतून ओक्जा आंटींनी मान बाहेर काढली. माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघितलं. "एकटीच आलीस ना?"

"त्यांना परत न्या."

"कोणाला? आम्ही कोणाला पाठवलं नाही. तू तुझ्या तोंडाने बोलावलंस. घर आपलं म्हणालीस."

"कोण आहेत ते?"

"मोठ्यांना कोणी नाव विचारतं का?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. मागून कोणीतरी बर्फाचा तुकडा फेकला. तो माझ्या मानेवर लागला. मी वळले, तर सगळे आपापल्या ताटात बघत होते.

गुरुवारी सकाळी आप्पा न्हाणीघरात पडले.

दवाखान्यातला काटा एकशे चार म्हणाला. मी त्यालाही नावं ठेवणार होते, पण त्यावरचा शिक्का माझ्याच सहीचा होता. तासाभराने एक तरुण डॉक्टर बाहेर आली.

"किती दिवस उपाशी ठेवलंत तुम्ही त्यांना?"

"उपाशी? सकाळी दोन अंडी खाल्ली त्यांनी. भात खाल्ला. माझ्यासमोर."

"पोटात कण नाहीये. कित्येक दिवसांचा नाहीये." तिने माझ्या तोंडावर सांगितलं की ती हे नोंदवणार आहे, वृद्धांच्या छळाची चौकशी करतात त्यांना कळवणार आहे.

मी आप्पांजवळ गेले. ज्या इमारतीत यायचं नव्हतं तिथेच ते पडले होते, चादरीखाली जेमतेम उंचवटा. मी त्यांच्या कानाशी विचारलं, "आप्पा, सकाळी जेवलात ना तुम्ही?"

"कुठे जेवलो?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "मी थांबलोय. त्यांचं आधी होऊ दे."

"पण मी बघितलं, आप्पा. तुम्ही खात होता."

"वास छान येत होता," ते म्हणाले.

बारा वाजता जेवणाचा ट्रे आला. तांदळाची पेज, उकडलेला मासा. मी तो आप्पांसमोर ठेवला. आप्पांनी चमचा उचलला नाही. खाटेच्या पायथ्याशी पाहुण्यांची खुर्ची होती, तिकडे बघत राहिले.

खुर्ची लोखंडी होती. तिचे पाय फाकत नव्हते. पण तिच्यावरची गादी दबत गेली.

मी मोठी झाल्यापासून, आई-आप्पांच्या आधी एक घास खाल्लेला नाही. पाहुण्यांच्या आधी तर नाहीच.

मी चमचा उचलला. त्या खुर्चीकडे बघत पेजेत बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. मुद्दाम आवाज करत, तोंड उघडं ठेवून, लहानपणी ज्यासाठी थोबाडीत बसली असती तसं. मासा हाताने तोडून खाल्ला. भीतीने माझे दात वाजत होते. आप्पा म्हणाले, "डोरी, डोरी, असं नको ग." मी थांबले नाही.

गादी हळूच वर आली.

खोलीत काहीही हललं नाही. फक्त माझ्या शेजारची हवा कोंदट झाली, गर्दीच्या लिफ्टमध्ये होते तशी.

मी उरलेली पेज आप्पांपुढे सरकवली. त्यांनी घेतली. गिळताना त्यांचा कंठ वरखाली होताना दिसला, आणि मला तेव्हा कळलं की इतके दिवस मी तो हलताना पाहिलाच नव्हता.

आप्पा आता एकशे एकतीस पौंड आहेत. चौकशीवाले दोनदा येऊन गेले, त्यांचं समाधान झालं. सकाळी आप्पा धक्क्यापर्यंत फिरून येतात, वाटेत ओळखीच्यांची टिंगल करतात. माझ्या मनासारखं झालं, खोटं कशाला बोलू.

मला मीट जनही जमायला लागलं आहे. काल केलं, एकही काप फाटला नाही. मी सहा खाल्ले, बोटाला लागलेलं मीठही चाटलं, आणि ताट विसळायला उठले. ताट कोरं होतं, तेलाचा डागही नव्हता. समोर आप्पा चमचा हातात तसाच धरून माझ्याकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"एक घास तरी खा ग, बाळा," ते म्हणाले. "रोज नुसती बसून असतेस."