जोडीचा डबा

पुणतांब्याच्या फाट्यावर रंगनाथशेठनं हॉटेलासाठी जर्मनीतला जुना रेल्वेडबा आणून ठेवला होता. ट्रक-टेम्पोच्या बॉड्या बांधणारा नगरचा नियाज त्याच्या पत्र्याच्या कामाला आला, तो लहानग्या आयतला सोबत घेऊनच. बायको शरिफा वारल्यापासून पोरीला सांभाळायला घरी कोणी नव्हतं. नियाजला वेणी घालता येत नसे, म्हणून तिचे केसही मोकळेच राहत.

चहा घेताना शेठनं डब्याची कुळकथा सांगितली. मोठ्या लढाईनंतर तिकडे धड डबे उरले नव्हते. मग त्यांनी जुन्या लाकडी डब्यांचे सांगाडे घेतले, वरची लाकडं काढली आणि त्याच चेसीवर पोलादी डबे चढवले. खेड्यातली माणसं, शाळेची पोरं वर्षानुवर्षं त्यांतून शहरात गेली. डबे कायम दोन-दोन जोडलेले असत.

"म्हंजे तुमचंच काम की, नियाजभाई. जुन्या चेसीवर नवी बॉडी. ह्याचा जोडीदार तिकडंच भंगारात गेला. त्या टोकाच्या दाराला कडी न्हाई बघा. पल्याड आपलाच डबा, कडी कशाला?" शेठ हसले. "आता पल्याड कांदा हाय. गिऱ्हाईक पडायचं. दार कायमचं बंद करा."

उस्तादांनी नियाजला एक रीत घालून दिली होती. जुन्या गाडीला वेल्डिंगचा टाका मारण्याआधी पत्र्यावर हातोडीनं ठोकायचं आणि थांबायचं. आत मांजर असतं, साप असतो, एखादं झोपलेलं मूल असतं.

नियाजनं दारावर ठोकलं.

पलीकडून तसंच कोणीतरी ठोकलं.

तो वळसा घालून बाहेर गेला. उंचावर दाराचा उंबरा, खाली कांद्याच्या वाफ्यांत ऊन. माणूस नाही. लोखंड तापलं की वाजतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि ते दार शेवटासाठी ठेवलं.

दुपार कलली तेव्हा आयत त्याच दाराशेजारच्या हिरव्या रेक्झिनच्या बाकावर बसून कुजबुजत होती.

"कोणाशी बोलतेस?"

"अम्मीशी. त्या डब्यात बसलीये ती. मला ये म्हणते…"

दाराच्या फटीतून गार हवा येत होती. तिला खोबरेल तेलाचा वास होता. शरिफाच्या केसांचा.

त्यानं आयतला उचलून टेम्पोत बसवलं, खाली उतरायचं नाही असं बजावलं आणि परत आला. हात सवयीनं हातोडीकडे गेला. पण त्यानं ठोकलं नाही. उत्तर येईल, याची त्याला भीती वाटली. वेल्डिंगची काळी काच डोळ्यांवर ओढून त्यानं चारी बाजूंनी दार सांधून टाकलं. ठिणग्यांच्या चरचराटात दुसरं काही ऐकू येत नव्हतं, ते बरंच होतं.

काच वर केली तेव्हा सगळं शांत होतं.

"अब्बा… दार गरम लागतंय."

आवाज दारापलीकडून आला होता.

टेम्पो रिकामा होता. बाहेर उंबऱ्यावर कोणी नव्हतं, खाली कोणी नव्हतं. तो आत धावला. पुन्हा हाक आली, या वेळी दुरून, कोणीतरी तिला हाताला धरून नेत असावं तशी. त्यानं ग्राइंडर लावला. टाके कापून, हात भाजत असतानाच दार ओढलं.

आयत उंबऱ्यावर उभी होती. तिच्यामागे फक्त कांद्याचं शेत.

तिच्या केसांना तेल लागलं होतं. अर्धी वेणी घट्ट घातलेली, खालचे केस मोकळे.

"अर्धीच राहिली," ती म्हणाली. "तुम्ही दार लावलं ना."

हत्यारं तिथेच टाकून नियाजनं टेम्पो काढला. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात आयतचं मनगट. राहात्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडला होता. तिथे गाडी थांबली, तेव्हा त्यानं शेजारी पाहिलं. आयत झोपली होती. वेणी शेंड्यापर्यंत पुरी झाली होती, आणि शेंड्याला हिरव्या रेक्झिनची पट्टी बांधलेली होती.

तेवढ्यात टेम्पोच्या मागच्या पत्र्यावर कोणीतरी हातोडीनं ठोकलं.

मग, उस्तादांच्या रीतीप्रमाणे, थांबलं.