गिटार, आठ तुकडे

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध गचकन थांबली, तेव्हा पावणेतीन वाजले होते. तीन वाजता तिचा रेडिओवरचा कार्यक्रम सुरू व्हायचा. तिने सगळी बटणं दाबून पाहिली, दारावर थापा मारल्या आणि शेवटी बॅग छातीशी धरून उभी राहिली.

"घाबरू नका हं," वरच्या फटीतून एक आवाज आला. "मी लिफ्टवालाच आहे. काम चालू होतं... खाली पाटी लावली होती."

"पाट्या वाचायला वेळ कोणाला आहे? आणि मी घाबरले नाहीये. चिडलेय."

"मग सावकाश चिडा. दहा मिनिटं आहेत आपल्याकडे."

तिला हसू आलं. पण तळहातांना घाम फुटला होताच. अशा वेळी ती गुणगुणायची. आत्ता ओठांवर आली ती गिटारची एक धून... गेले चार महिने काही केल्या डोक्यातून जात नव्हती ती.

"अं... तिथे थांबायचं असतं," वरून आवाज आला. "दोन टाळ्यांइतकं. तुम्ही घाईने पुढे गेलात."

"शंभर वेळा ऐकलीय मी ही धून. तुम्ही तुमचे नट-बोल्ट बघा."

"ऐकली असेल हो, पण—" आणि वर काहीतरी खणकन पडलं. पाना असावा. "एक मिनिट. तुम्ही... कुठे ऐकलीत?"

"रेडिओवर. मीच लावते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी."

मग तो अगदी हळू बोलला. "ती मी वाजवलीय. मागच्या खोलीत, दार लावून. आणि मी ती कोणालाही दिलेली नाही."

लिफ्ट हलली. चौथ्या मजल्याचं दार उघडलं, तेव्हा समोर ग्रीसने माखलेला, लाजेने लाल झालेला एक तरुण उभा होता. डाव्या हाताची नखं कापलेली, उजव्या हाताची मात्र तारा छेडायला लांब ठेवलेली, तासून गोल केलेली. तिने ती पाहिली आणि तिची खात्रीच पटली.

"पाच वाजता समोरच्या कॅन्टीनमध्ये या," ती पळता पळता म्हणाली. "नाही आलात तर रोज तुमच्या कंपनीला फोन करीन, लिफ्ट अडकली म्हणून!"

तो आला. ग्रीस धुऊन, केस ओले करून आला, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

चार महिन्यांपूर्वी रेडिओ स्टेशनवर पोस्टाने एक सीडी आली होती. नाव ना पत्ता. कव्हरवर पेनाने नुसतं लिहिलेलं: 'गिटार, आठ तुकडे'. एके दिवशी पाहुणे आयत्या वेळी आले नाहीत, म्हणून तिने ती लावली. स्पेनमधल्या फ्लामेंकोच्या ढंगाचं वादन होतं ते. पंखा उलगडावा तशी बोटं तारांवरून फिरत होती, मध्येच लाकडावर टकटक, मागे टाळ्यांचा ठेका. शब्द एकही नव्हता. "लोकांना वाटेल रेडिओ बिघडलाय," स्टेशनचे साहेब करवादले होते. पण अर्ध्या तासात अकरा फोन आले. मग पत्रं यायला लागली.

"ताईचं काम," त्याने कपाळावर हात मारला. "परवा सीडी सापडेना म्हणून विचारलं, तर म्हणते उंदराने नेली असेल!"

"ताईंना माझा नमस्कार सांगा. आणि तुम्ही येऊन स्टुडिओत वाजवा. लोक विचारून विचारून भंडावतायत."

"नाही."

"का?"

त्याने कप बशीत गोल फिरवला. "एकोणीस वर्षांचा होतो. कॉलेजचं स्टेज, समोर पाचशे पोरं. पहिल्या मिनिटाला हात लाकडासारखे झाले. उठून आत गेलो... ते हसणं अजून कानात आहे. तेव्हापासून वाजवतो, पण दार लावून." मग सहज सांगावं तसं म्हणाला, "आणि पुढच्या आठवड्यात माझी दुसऱ्या गावी बदली आहे. तिथे दोघांत एक खोली. गिटार ताईकडेच ठेवून जाणार आहे. पुरे झालं आता."

'पुरे झालं' हे दोन शब्द तिला असे लागले, की ती हट्टालाच पेटली.

दुसऱ्या दिवशी तिने पत्रांचा गठ्ठा त्याच्यासमोर ठेवला. दाताच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं: 'दुसरा तुकडा लागला की पेशंट आपोआप तोंड उघडतात.' शिवणाच्या दुकानातल्या सहाजणींनी मिळून पत्र धाडलं होतं: 'तिसऱ्याला आमची मशिनं एका तालात चालतात, पण पाचव्याला दोरा तुटतो, तो जरा हळू वाजवा.' तो हसला. मग वाचता वाचता हसेनासा झाला.

"ही तुम्हीच तर लिहिली नाहीत ना?"

"माझं अक्षर इतकं सुंदर असतं तर मी रेडिओत कशाला आले असते? चला, दाखवते."

तिने निवडलं होतं ते एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र. रविवारी सकाळी दोघं त्यांच्या घरी गेली. तिच्या सांगण्यावरून त्याने गिटार घेतली होती, "नुसती दाखवायला" अशी अट घालून.

मुख्याध्यापकांच्या पत्नीला वर्षापूर्वी पक्षाघात झाला होता. खिडकीजवळच्या पलंगावर त्या उशीला टेकून बसल्या होत्या.

"डॉक्टर सांगून थकले, पण ही व्यायाम करीना," मुख्याध्यापक म्हणाले. "तुमचा चौथा तुकडा लागला, आणि ही दोन बोटं पांघरुणावर ठेका धरायला लागली. मी आधी चष्मा पुसून पाहिलं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने खुर्ची पलंगाजवळ सरकवली.

तो बसला. गिटार मांडीवर घेतली. तिला वाटलं, उठणार हा... पण त्याने दात आवळले, एक दीर्घ श्वास घेतला आणि तारेला बोट लावलं. पहिले काही सूर अडखळले. मग पांघरुणावरची दोन बोटं हलली— टक, टक— आणि त्याची नजर त्या बोटांवर खिळली ती शेवटपर्यंत हललीच नाही. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होते. तुकडा संपला, तेव्हा त्या बाईंनी जड जिभेने, मोठ्या कष्टाने एकच शब्द उच्चारला.

"पुन्हा."

त्याने तो चारदा वाजवला.

जिना उतरताना तो म्हणाला, "शुक्रवारी येतो. आठही वाजवतो. शनिवारी सकाळी निघायचंय, त्याच्या आत."

"भीती वाटेल."

"वाटू दे."

तिने तेव्हाच त्याचा हात धरला असता... पण गिटार मध्ये होती.

शुक्रवारी साहेब स्वतः खुर्ची ओढून बाहेर बसले. ती नेहमीसारखी काचेपलीकडे जायला निघाली, तर तो म्हणाला, "इथेच बसाल?" ती बसली. लाल दिवा लागला. पाच तुकडे कसे गेले कळलंच नाही. सहाव्याला त्याचं बोट घसरलं, सूर फाटला आणि हात थांबला. ती जागची हलली नाही.

"चुकलो," तो माइकमध्ये शांतपणे म्हणाला. "पहिल्यापासून वाजवतो."

आणि त्याने वाजवला. सातवा वाजवला. आठवाही वाजवला.

दिवा विझला, तेव्हा टेबलावरचे सगळे फोन लुकलुकत होते. तिने एकही उचलला नाही.

"गिटार नेतोय मी," तो पेटी बंद करत म्हणाला. "खोलीतल्या दुसऱ्या माणसाचं नशीब! प्रश्न फक्त तुझा..." तो गडबडला. "म्हणजे... तुमचा..."

"असू दे, 'तू'च बरं वाटतं. काय प्रश्न आहे माझा?"

"गिटार नेता येते. तुला कसं नेऊ?"

"मला कोणी न्यायचं नसतं," ती म्हणाली. "मला तू आवडतोस. तुझ्या सीडीचं कौतुक वेगळं, ते सगळं शहर करतंय. मला तू आवडतोस. मी इथे माझा कार्यक्रम करणार, तू तिथे काम करून रोज वाजवणार. साडेचार तासांचा रस्ता आहे. एक रविवार तू यायचं, एक मी. वर्षभर. मग बघू, कोणी कुठे राहायचं ते."

तो बघतच राहिला. "हे कधी ठरवलंस?"

"मंगळवारी. गाड्यांचं वेळापत्रकही आणलंय."

"आणि मी नाही म्हटलं असतं तर?"

"म्हणतोयस?"

"नाही... म्हणजे— नाही म्हणत नाहीये!" तो हसला आणि तिचा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला. लांब नखं तळहाताला हलकेच टोचली. "मला केव्हापासून सांगायचं होतं. धीरच होत नव्हता. पहिला रविवार माझा."

"माझा," ती म्हणाली. "मी आधी विचारलंय."

त्याने वाद घातला नाही. पहिल्या रविवारी सकाळी पावणेसातच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती.