खाडीतला पावणा

ओहोटी लागली होती. केसर खाडीकाठच्या खडकावर कालवं फोडत बसली होती. समोरून, उघड्या पडलेल्या चिखलातून, एक अनोळखी तरुण डोक्यावर अवजारांची पिशवी घेऊन चालत येत होता. दोघांमध्ये आता फक्त खाडीची अरुंद धार उरली होती.

"पावणा!" केसर उभी राहून ओरडली. "पावणा हाय!"

तरुण थांबला. हसला. मोकळा हात हलवून म्हणाला, "व्हय, पावणाच! रेवसवरनं आलोय!"

"माघारी फिर!"

"काय गाव हाय! पावण्याला कोन माघारी धाडतं?"

तो आणखी पुढे आला. तेव्हा त्याच्या वाटेत पडलेल्या चिखलाने माखलेल्या ओंडक्याने आपला उघडा जबडा मिटला, चार पायांवर अंग उचललं आणि सरकत पाण्यात शिरला. फारसा आवाजही झाला नाही. तरुण मटकन खाली बसला. पिशवीतली पटाशी आणि हातोडी चिखलात रुतली.

केसरला हसू आवरेना. वाईटही वाटत होतं, पण हसूच जास्त येत होतं.

त्या तरुणाचं नाव चंदर. रेवसच्या कोळ्याचा मुलगा, पण हात सुताराचा. एकोणीसशे चौतीसच्या थंडीत बोर्ली पंचतनजवळच्या त्या कोळवाडीतल्या होड्या दुरुस्त करायला त्याला बोलावलं होतं, आणि पहिली होडी केसरच्या बापाची, भागोजीची होती. चंदरच्या खाडीत मुशी, पाकटं असले मोठे मासे होते. सुसर त्याने कधी पाहिली नव्हती.

"ती सुसर हाय, तर सुसर म्हनून का न्हाय ओरडलीस?" त्याने चिखल धुता धुता विचारलं.

"हळू!" केसरने पाण्याकडे बघितलं. "पान्याजवळ तिचं नाव घेत न्हाईत. घेतलं की येते. घरात काय म्हनायचं ते म्हन. हितं पावणाच म्हनायचं."

"आनि खरा पावणा आला तर?"

"त्यालाबी पावणाच."

"मग कळायचं कसं?"

"कळतं," केसर म्हणाली. वाडीतल्या सगळ्यांना कळत होतं. त्यात अवघड काय आहे, हे तिला कधी जाणवलं नव्हतं.

काठावरच्या उंडीच्या झाडाखाली होडी उलटी घातली गेली. चंदर फटींमध्ये कापूस ठासायचा, वरून उंडीचं तेल आणि राळ चोपडायचा. केसर त्याच वाटेने कालवं काढायला जायची. पूर्वी ती खालच्या वाटेने जायची. वाट का बदलली, असं आई नीराबाईने विचारलं तेव्हा खालच्या वाटेवर काटे झालेत, असं तिने सांगितलं. तिथे काटे नव्हते.

"आज पावणा कुठं हाय?" चंदर रोज विचारायचा.

"वरच्या अंगाला. उन्हात पडलाय, तोंड उघडं टाकून."

"कुनाची वाट बघतोय?"

"तुझी. परत कधी चिखलात बसतोस म्हनून."

एकदा चंदरच्या हाताला राळ लागली होती. केसरने आपल्या पदराच्या टोकाला तेल लावून ती पुसली. मग चंदर म्हणाला, "अजून थोडी हाय..." राळ कधीच निघून गेली होती.

फाल्गुनात सुसर खाडीच्या वरच्या टोकाला गेली. तिथे डोंगरातून गोड्या पाण्याचा पऱ्या येतो. भरतीचं पाणी पोचत नाही अशा जागी वाळू उकरून तिने अंडी घातली आणि ती बुजवून जवळच पडून राहिली. केसरने चंदरला ते लांबून दाखवलं.

"म्हंजे पावणा अंडी घालतो?" चंदर कुजबुजला.

"हसू नको. चिडलाय."

"पन खाऱ्या पान्यात ऱ्हायचं, नि अंडी मात्र हितं?"

"तिला खारं सोसतं. पिलांना न्हाय सोसत. ती मोठी झाली की मग जातील खाली." बोलता बोलता केसरच्या लक्षात आलं की चंदर सुसरीकडे बघतच नाहीये. ती गोंधळली. "काय?"

"काय न्हाय. तू सांग."

पुढे काय सांगायचं होतं ते तिला आठवेना.

चैत्रात भागोजीने जेवताना जाहीर केलं की पुनवेला दिवेआगरची माणसं येणार आहेत. मुलगा सदा, स्वतःची होडी आहे, घर चांगलं आहे. नीराबाईने केसरच्या ताटात आणखी भात वाढला. तो तिला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ती उंडीखाली उभी राहिली. होड्यांचं काम जवळजवळ संपलं होतं. चंदर वाकून तेल लावत होता.

"पुनवेला पावणा येनार हाय," ती म्हणाली.

"येऊ दे." त्याने वर पाहिलं नाही. "तेव्हा उधान हाय. पार कुडापर्यंत येईल."

"मला बघायला येतोय."

"बघू दे की." तो हसला. "जवळ जाऊ नको, म्हंजे झालं."

केसरला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "आनि... मला घेऊनच गेला तर?"

"तुला? तुझी तोंडाची टकळी ऐकली की तोच पळंल."

"तुला काय वाटत न्हाय?"

"वाटतं ना. काठी घेऊन दारात उभा ऱ्हाईन. मग तर झालं?"

ती वळली आणि चालू लागली. हा माणूस थट्टा करतोय? की खरंच याला काही वाटत नाही? मग ती राळ... तो पऱ्याजवळचा दिवस... आणि काठी कशाला? तिला रडायला येत होतं आणि नेमकं कशाचं येतंय ते कळत नव्हतं.

त्यानंतर ती खालच्या वाटेने जाऊ लागली. चंदर वरच्या वाटेकडे बघत राहिला. आपलं काय चुकलं, हे त्याला कोणी सांगितलं नाही आणि कुणाला विचारावं हेही त्याला समजेना.

पुनवेला खाडी तुडुंब भरली. पाणी भागोजीच्या कुडाला लागलं. दिवेआगरची माणसं त्याच भरतीने होडीतून आली, पण उंडीच्या झाडाआडून ती होडी दिसत नव्हती. चंदरला फक्त शेजारच्या कृष्णाबाईची हाक ऐकू आली: "अगं ए नीराबाय! पावणा आला गं! तुझ्याच दाराकडं गेला!"

चंदरने वल्हं उचललं आणि धावला.

अंगणात घोंगडी अंथरली होती. तिच्यावर सदा, त्याचे वडील शिवदास आणि एक मामा बसले होते. केसर गूळपाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. चंदर डोक्यावर वल्हं उगारून अंगणाच्या मधोमध येऊन उभा राहिला.

"कुठं हाय?" तो ओरडला. "पावणा कुठं हाय?"

मामा उठून भिंतीला टेकले. शिवदास शांतपणे म्हणाले, "आमीच. का रं?"

चंदरने त्यांच्याकडे बघितलं, कुडापलीकडच्या पाण्याकडे बघितलं, केसरच्या नव्या लुगड्याकडे बघितलं. त्याचं तोंड उघडं राहिलं. केसरने त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उलगडताना पाहिली—येऊ दे, बघू दे, जवळ जाऊ नको. तो सुसरीबद्दल बोलत होता. सगळा वेळ सुसरीबद्दलच.

"चंदर," भागोजी दात आवळून म्हणाला, "वल्हं खाली घे. काय काम हाय?"

"काम... काय न्हाय." चंदरने वल्हं खाली घेतलं. पण तो गेला नाही. "मला वाटलं, त्यो पावणा. मला ह्यो पावणा म्हाईतच न्हवता. म्हाईत असता तर आधीच आलो असतो. तुमच्याकडं... केसरला मागायला."

सदाला हसू आलं. त्याने ते खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला. भागोजी उठला, पण शिवदासांनी हात वर केला.

"थांबा, भागोजी. आमी भांडायला न्हाय आलो. पोरीलाच विचारा. कुनाशी तरी लगीन तिलाच करायचं हाय."

सगळे केसरकडे वळले. इतक्या माणसांत तिला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. डोक्यात हो, नाही, बापाचं तोंड, आईचं तोंड, सगळं एकत्र झालं. ती आईकडे बघून म्हणाली, "मला रेवसला जायचं हाय."

भागोजी मट्‌कन घोंगडीवर बसला. नीराबाई आत गेली. भांड्यांचा आवाज आला. ती परत दारात आली तेव्हा तिच्या हातात पत्रावळी होत्या. पावण्यांना मांडायच्या होत्या तेवढ्या, आणि वर आणखी एक.

"वल्हं भाईर ठेव," ती चंदरला म्हणाली, "नि पाय धू. सगळं अंगन चिखलानं भरवलंस."

केसर कुडाजवळ त्याच्या पायांवर पाणी ओतू लागली.

"तवा का न्हाय बोललास?" तिने हळूच विचारलं.

"तवा मला काय समजलंच न्हवतं."

"आता समजलं?"

"न्हाय..." चंदर म्हणाला. "अजून थोडं पानी घाल."

पाय कधीच स्वच्छ झाले होते. तिने तांब्या पुन्हा भरून आणला.